आमची वाटचाल : रंकाळा गोल केला त्याची गोष्ट

कोल्हापुरात लक्ष्मीपुरीतल्या गाळ्यात सुरवातीला मी आणि धाकटा भाऊ दोघंच, पासपोर्ट फोटो आणि लग्नाचे अल्बम एवढंच काम. रात्री शटर अर्धं ओढलं की मी फोटोशॉपमधलं लिक्विफाय, म्हणजे ब्रशनं फोटो हवा तसा ओढायचं-वाकवायचं फिल्टर, उघडून बसायचो. 2000 साली 6.0 व्हर्जनमध्ये आलेलं हे, आमच्या जुन्या मशीनवर ब्रश पुढं जायचा आणि फोटो मागनं सावकाश सरकायचा, पण मळलेल्या कणकेसारखा चेहरा हलताना बघितला आणि ठरवलं, आपण हेच करायचं.

पहिली ऑर्डर एका तालमीची. पैलवानाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स, छाती ही एवढी पाहिजे, पाय बारीक. ब्लोटनं, म्हणजे लिक्विफायमधल्या फुगवायच्या ब्रशनं, फुगवली छाती, बोर्ड चौकात लागला, आणि बघतोय तर पाठीमागच्या दाराची चौकट धनुष्यासारखी वाकलेली! लय वाईट वाटलं. पैसे घेतले नाहीत, स्वखर्चानं दुसरा बोर्ड करून दिला. तेव्हापासनं आधी मागची सरळ रेघ न रेघ फ्रीझ मास्कनं लाल करून घ्यायची, लाल झालेला भाग हलत नाही, मगच ब्रश धरायचा. आणि डोळ्यांची ठेवण हलवायची नाही, नाक मग कितीबी ओढा, माणूस ओळखतोच.

मोठ्या फ्लेक्सच्या फाईलवर मशीन अडकायचं, त्यावर भावानं उपाय काढला, छोट्या कॉपीवर काम करून मेश, म्हणजे कुठं किती वाकवलं त्याची जाळी, सेव्ह करायचा आणि तोच मोठ्या फाईलवर लोड करायचा.

2016 ला लिक्विफायमध्ये चेहरा आपोआप ओळखणारं फेस-अवेअर आलं, स्लायडर सरकवला की गाल आत. मग नवरीला जरा बारीक करून द्या म्हणून लोक यायला लागले. ते काम आम्ही घेत नाही. वाकवलेला फोटो वाकवलेला दिसला पाहिजे, खऱ्यासारखा दाखवायचा म्हणजे फसवणूक झाली.

खरं नाव झालं ते रंकाळा तलावामुळं. कट्ट्यावर उभं राहून स्वतःभोवती गोल फिरत फोटो काढले, जोडले, दोन्ही टोकं जुळवली, फोटो दाबून चौरस केला, उलटा फिरवला आणि पोलर कोऑर्डिनेट्स, म्हणजे सरळ फोटो गोल गुंडाळणारं फिल्टर, लावलं. पायाखालची फरशी मधोमध, एका अंगाला सगळं पाणी, कडेनं झाडं आणि शालिनी पॅलेस बाहेर डोकं काढून उभा, सगळा रंकाळा लाडवाएवढा! प्रिंट दुकानात लावली तर नातवाचे पासपोर्ट फोटो न्यायला आलेल्या एक आजी तिच्यापुढं थांबल्या, चष्मा वर केला आणि कट्ट्याच्या एका कोपऱ्यावर बोट ठेवलं, "आमचं ह्ये रोज हितं बसायचं."

ती प्रिंट मी त्यांनाच दिली.