कव्हराखालची अँबेसेडर

चिपळूणला माझं गॅरेज आहे. गुहागरचे एक डॉक्टर माझं जुनं गिऱ्हाईक. ते गेल्यावर पुढच्या उन्हाळ्यात काकूंनी बोलावून घेतलं. शेडमध्ये दोन गाड्या होत्या, १९८१ ची अँबेसेडर आणि १९८६ ची प्रीमियर पद्मिनी. काकू म्हणाल्या, "दोन्ही सांभाळणं आता जमायचं नाही रे मला. एकच ठेवायची आहे. कुठली, ते तू चालवून बघ आणि खरं काय ते सांग."

दोन्ही गाड्यांचं ऑइल, प्लग, ब्रेक बघितले आणि एकाच दिवशी दोन्ही कुंभार्ली घाटात चढवल्या. सकाळी अँबेसेडर. १४८९ सीसीचं इंजिन, उतावळेपणा नाही. तिसऱ्यात टाकली की वळणामागून वळण खेचत राहते, खड्डा आला तर पोटातलं पाणी हलत नाही. पद्मिनीचं इंजिन १०८९ सीसीचं. तिला चढणीला सारखा दुसरा लागतो. पण गाडी हलकी, स्टिअरिंग कसं हवं तिथे वळतं! वर पोहोचून पाच मिनिटं बंद केली, तर परत चालूच होईना. धगीने इंजिनला पेट्रोल पोचवणाऱ्या एसी पंपात पेट्रोलची वाफ धरली होती. पंपावर ओलं फडकं ठेवलं, दहा मिनिटांत चालू. मनात निकाल लागला होता: अँबेसेडर.

संध्याकाळी ग्रीस मारायला तिला जॅक लावला. पुढच्या चाकांच्या जोडांना ग्रीस भरायचे निपल असतात, ते वेळच्या वेळी भरले नाहीत तर तिथलं काम लवकर निघतं, म्हणून तिथूनच सुरुवात करणार होतो. गाडी वर जाईना, कर्रर्र आवाज झाला आणि जॅक दाराखालच्या पत्र्यात घुसला. हात घातला तर गंजाचे पापुद्रे मूठभर निघाले. मॅट उचलली, तर फरशीतून खालची जमीन दिसली.

पद्मिनी मात्र खालून ठणठणीत. मला पटेना. काकूंना विचारलं तेव्हा उलगडा झाला. पद्मिनी रोजच्या व्हिजिटची, समुद्राकडून आली की विहिरीच्या पाण्याने धुतली जायची, पावसाळ्याआधी पोटाला जळकं ऑइल लागायचं. अँबेसेडर लाडकी, म्हणून ताडपत्रीच्या कव्हराखाली. खाऱ्या हवेचा दमटपणा आत कोंडत राहिला, दारांची पाणी जायची भोकं मातीने बुजलेली.

या दोन्ही गाड्यांना खाली वेगळी चासी, म्हणजे लोखंडी सांगाडा, नसते, बॉडीच सगळा भार घेते. इंजिन मी आठवड्यात बांधून देईन, पण दाराखालचा पत्रा गेला की गाडीचा कणाच गेला. ते काम कापायचं, जोडायचं, महिन्यांचं. काकूंना तसंच सांगितलं, "पद्मिनी ठेवा."

त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "हिला भंगारात नाही हं घालायचं."

म्हणून अँबेसेडर मी घेतली. सध्या एका बाजूचा पत्रा कापलाय. बॉडी वाकू नये म्हणून आतून अँगल मारलेत, आणि वेल्डिंगच्या प्रत्येक टाक्यानंतर दार लावून बघतो, बसतंय का. कव्हर तिथेच ठेवून आलो.