‘पुढच्या वेळी वेगळं काय कराल?’

डॉक्टरांनी लिहावं, लिहिल्याने मनावरचा ताण उतरतो, याबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार आहे ती त्यासाठी आमच्या हॉस्पिटलने काढलेल्या पोर्टलबद्दल.

नाशिकमधल्या एका खासगी हॉस्पिटलच्या आयसीयूत मी काम करते. दोन चांगले डॉक्टर पाठोपाठ सोडून गेले आणि आमच्या व्यवस्थापनाला बर्नआउटची, म्हणजे कामाच्या ताणाने पार खचून जाण्याची, आठवण झाली. रविवारी कार्यशाळा झाली, जेवण उत्तम होतं. बर्नआउट मोजायची, मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिना मास्लॅक यांची २२ प्रश्नांची प्रश्नावली भरून घेतली: थकवा किती, पेशंटबद्दल कोरडेपणा किती, आपल्या हातून काही होतंय असं वाटतं का. माझे आकडे यायचे तसे आले. मग ठरलं की दर महिन्याला प्रत्येकाने एक ‘रिफ्लेक्शन’, म्हणजे एखाद्या प्रसंगावर विचार करून लिहिलेलं टिपण, पोर्टलवर भरायचं. अप्रेझलमध्ये धरणार म्हणे.

पोर्टलवर सहा रकाने. काय घडलं, काय वाटलं, चांगलं-वाईट काय, तसं का झालं, निष्कर्ष, आणि पुढच्या वेळी वेगळं काय कराल. हे ग्रॅहम गिब्ज यांचं १९८८ सालचं चक्र, मुळात शिकण्या-शिकवण्यासाठी मांडलेलं.

मी लिहायला घेतली ती पेठ तालुक्याकडची मुलगी. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेली. पहाटे पोटात दुखायला लागलं. मण्यार हा विषारी साप चावला की पुष्कळदा असंच होतं. चावल्याचं कळत नाही, सूज नाही, घरच्यांना वाटतं काही बाधलं. जवळच्या दवाखान्यात ॲसिडिटीचं इंजेक्शन मिळालं. पापण्या जड झाल्यावर गाडी शोधली, घाटात श्वास मंदावला, आमच्या दारात आली तेव्हा नाडी लागत नव्हती. ट्यूब टाकली, सीपीआर दिला, सगळं केलं. आई दारातून विचारत होती, “ताई, डोळं उघडंना ती, झोपली का?”

पाच रकाने भरले. सहाव्यावर लाल चांदणी, म्हणजे भरावाच लागणार. ‘काही नाही’ लिहिलं, पोर्टलने घेतलं नाही. किमान ५० शब्द हवेत. ‘या वेळी केलं तेच करेन’ असं लिहिलं, तरी शब्द कमी. तेवढ्यात लॉगआउट झालं आणि वरचे पाचही रकाने उडाले. (आधी दुसरीकडे लिहा, मग चिकटवा.) एचआरला फोन केला. “मॅडम, टाका ना काहीतरी. नातेवाइकांशी संवाद सुधारेन वगैरे. सगळे तेच टाकतात.”

माझा पारा चढला. मी खरंच विचार करून लिहिलं: पावसाळ्यात पेठ-सुरगाण्याकडे पहाटेच्या पोटदुखीचा पेशंट आला तर पापण्या बघाव्यात, मान उचलता येते का बघावं, हे तिकडच्या डॉक्टरांना आपण कळवू. पेशंट पाठवताना अँब्यू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) दाबत बसायला सोबत माणूस द्यायला सांगू. मण्यारीच्या पेशंटचा श्वास वाटेत चालू ठेवला तर तो बऱ्याचदा वाचतो. आठवड्याने शेरा आला: ‘कृपया वैयक्तिक शिकवण लिहावी. संस्थात्मक सूचनांसाठी वेगळा फॉर्म आहे.’

जागतिक आरोग्य संघटनेने आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणात बर्नआउटला आजार म्हटलेलं नाही. कामाच्या ठिकाणचा दीर्घकाळचा ताण नीट न हाताळल्याने ते होतं, असं म्हटलंय. म्हणजे संस्थेचा प्रश्न. आणि इथे संस्थेला वेगळा फॉर्म!

वर, मंजुरी विभागप्रमुखांची. ज्यांच्या ड्युटी लिस्टने झोप उडाली, त्यांनाच ‘काय वाटलं’ वाचायला द्यायचं. शेवटी एका इंटर्नकडून तयार मजकूर मागवला. एमबीबीएसच्या लॉगबुकात हल्ली रिफ्लेक्शन लिहावं लागतं, त्यामुळे पोरांकडे साठा असतो. तो चिकटवला. त्याच दिवशी मंजूर.

खरं लिखाण घरी, वहीत झालं. मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांच्या १९८६ सालच्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी रोज १५ मिनिटं, लागोपाठ ४ दिवस, मनाला लागलेल्या गोष्टीबद्दल लिहिलं होतं. मीही तसंच केलं. मराठीत लिहा; इंग्रजीत हात आपोआप केस पेपरकडे वळतो, ‘पेशंट वॉज रिसीव्ह्ड’. शुद्धलेखन बघू नका. सुरुवातीला जास्तच उदास वाटतं, ते अपेक्षित आहे. पण उदासपण सरेना, झोप येईना, तर वही बाजूला ठेवून सायकियाट्रिस्टकडे जा, किंवा निदान टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा. आपण पेशंटला सांगतो, स्वतः करत नाही.

लिहिता लिहिता एक गोष्ट वर आली. सीपीआर चालू असताना ट्यूबच्या पट्टीत अडकत होती म्हणून सिस्टरने त्या मुलीची वेणी गॉजने बांधून बाजूला ठेवली होती, अगदी हलक्या हाताने. सहा रकान्यांत हे कुठे बसलंच नसतं. दुसऱ्या दिवशी सिस्टरशी त्यावर बोलले. दोघीही रडलो आणि राउंडला गेलो. त्यानंतर त्या बेडपाशी थांबताना छातीत धडधडायचं थांबलं. एवढा फायदा मला पुरे.

हो, वहीत पेशंटचं नाव, गाव, बेड नंबर लिहू नका. उद्या कोणाच्या हाती पडेल सांगता येत नाही. इथेही ओळख पटेल असे तपशील मी बदललेत. आणि वही हॉस्पिटलच्या लॉकरमध्ये ठेवू नका.

तालुक्याच्या डॉक्टरांना कळवायची सूचना मी त्या वेगळ्या फॉर्मवर भरली आहे. तिथेही एक रकाना लाल चांदणीचा आहे: अपेक्षित खर्च. शून्य लिहिलं, तर घेत नाही.