तुम्ही विचारलंत म्हणून: प्रेसवाले काका, नोटा छापून कर्ज का फेडत नाहीत?

लग्नाच्या पंगतीत, बिटको चौकात, दवाखान्याच्या बाकावर, कुठेही भेटलात की तुम्ही हे विचारता. "काका, तुम्ही प्रेसला होतात ना? मग देशावर एवढं कर्ज आहे, तर सरकार नोटा छापून फेडून का टाकत नाही?" मी उत्तर द्यायला लागलो की दुसरा प्रश्न येतो. "म्हणजे तुम्ही नक्की कोणत्या पक्षाचे?" इतकी वर्षं मी यातलं अर्धंच सांगत आलोय. आता एकदा सगळं लिहून टाकतो.

पहिली गोष्ट, मी नोटा छापल्या नाहीत. नाशिकरोडला दोन प्रेस आहेत. नोटा छापते ती सीएनपी, म्हणजे करन्सी नोट प्रेस. मी आयएसपीत, म्हणजे इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये होतो, 31 वर्षं. आमच्याकडे पासपोर्ट, तिकिटं, मुद्रांक व्हायचे आणि पोस्टाची राष्ट्रीय बचत प्रमाणपत्रं (एनएससी), किसान विकास पत्रंही. माझा बराचसा काळ त्या प्रमाणपत्रांच्या मोजणीत गेला. एकेक तावाचा हिशोब, खराब झालेल्या तावाचासुद्धा. तो प्रत्येक ताव म्हणजे सरकारने लोकांकडून घेतलेल्या उसन्या पैशाची पावती होती, हे मला तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलंही नव्हतं. 2016 पासून छापील प्रमाणपत्रं देणं बंद झालं. पैसे घेणं चालूच आहे.

तेव्हा देशाने हे कर्ज घेतलं कोणाकडून, तर बहुतेक आपल्याकडूनच. बँकांतल्या ठेवी, एलआयसीचे हप्ते, प्रॉव्हिडंट फंड, पोस्टातली बचत. परदेशाचा वाटा त्यात थोडा आहे. माझ्या कपाटातही एनएससी होती, म्हणजे मी स्वतः सरकारचा सावकार. हे कळल्यावर काही दिवस मला निश्चिंत वाटलं होतं. आपलंच आपल्याला देणं, मग भीती कसली? पण व्याज घेणारा आणि कर भरणारा एकच माणूस नसतो. माझ्या एनएससीचं व्याज रोजंदारीवरच्या बाईने घेतलेल्या साबणाच्या करातूनही येतं. 2025-26 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात खर्चाच्या दर रुपयातले 20 पैसे नुसत्या व्याजाचे आहेत. संरक्षणाचे 8. आणि येणाऱ्या रुपयातले 24 पैसे पुन्हा उसनेच.

आता छापण्याचं. 1997 पर्यंत थोडंफार तसंच चालायचं. तूट पडली की सरकारने रिझर्व्ह बँकेला 'ॲड हॉक' ट्रेझरी बिलं, म्हणजे तात्पुरत्या उसनवारीच्या चिठ्ठ्या, द्यायची आणि बँकेने पैसा उभा करून द्यायचा. 1 एप्रिल 1997 पासून ते बंद झालं. पुढे तूट आवरण्यासाठी 2003 चा वित्तीय उत्तरदायित्वाचा कायदा आला आणि एप्रिल 2006 पासून सरकारचे नवे रोखे रिझर्व्ह बँकेने थेट सरकारकडून विकत घेण्यावरही बंदी आली. याचं कारण आपल्या जिल्ह्यातल्या माणसाला तरी कळायला हवं. लासलगावला कांदा तेवढाच आला आणि घेणाऱ्यांच्या खिशात पैसे दुप्पट झाले, तर कांदा वाढत नाही, भाव वाढतो. तसं फेडलेलं कर्ज शेवटी तुमच्याच पिशवीतून वसूल होतं.

इथपर्यंत तुम्ही माना डोलावता. मग पक्षाचं निघतं.

राज्यघटनेच्या कलम 292 मध्ये संसदेला केंद्राच्या कर्जावर मर्यादा घालता येईल अशी तरतूद पहिल्या दिवसापासून आहे. तसा कायदा यायला 2003 उजाडलं. तो वाजपेयी सरकारने केला, जुलै 2004 मध्ये मनमोहन सिंग सरकारने लागू केला. म्हणजे एकदा तरी दोन्ही बाजू एका कागदावर आल्या होत्या. त्यानंतर त्या कागदावरच्या तूट कमी करायच्या तारखा पुढे ढकलण्यातही दोन्ही बाजू एकत्रच आहेत. 2008 मध्ये देशभर शेतकऱ्यांची कर्जमाफी झाली, जागतिक मंदी आली, तुटीचं लक्ष्य बाजूला पडलं. 2020 च्या साथीत तूट देशाच्या उत्पन्नाच्या 9 टक्क्यांवर गेली. त्या वर्षी मी एक शब्द बोललो नाही, आजही बोलणार नाही, रेशनचं धान्य द्यायलाच हवं होतं. माझं भांडण बऱ्या वर्षांशी आहे. बऱ्या वर्षांत कोणीच परत फिरत नाही. विरोधात असताना 'राज्य कर्जबाजारी केलं' म्हणून श्वेतपत्रिका मागणारे सत्तेत आले की 'कर्ज मर्यादेत आहे' म्हणतात. जुलै 2022 मध्ये पंतप्रधानांनी रेवडी वाटण्यावर टीका केली. 2024 मध्ये त्यांच्याच आघाडीने महाराष्ट्रात बहिणींना महिना 1500 चालू केले आणि निवडणुकीत 2100 कबूल केले. समोरच्यांनी 3000 सांगितले. पैसा कुठून, हे एकाही सभेत मी ऐकलं नाही, आणि मी दोघांच्याही सभांना गेलो होतो.

मीही एका पक्षाचं काम केलंय. निवृत्तीनंतर पाच वर्षं, मनापासून. कोणत्या, ते सांगत नाही, कारण सांगितलं की तुम्ही पुढचं वाचणार नाही.

माझा धाकटा भाऊ निफाड तालुक्यात आहे. दोन एकर द्राक्षबाग, थोडा कांदा. 2016 च्या हंगामात त्याने सोसायटीतून 1 लाख 70 हजारांचं पीककर्ज घेतलं. त्याच वर्षी नोटबंदी झाली, भाव पडले, कर्ज थकलं. 2017 ची माफी जून 2016 अखेर थकलेल्यांना होती, त्यात तो बसत नव्हता. 2019 च्या एप्रिलमध्ये बाग बरी गेली. व्यापाऱ्याचा चेक वटला आणि त्याने मला फोन केला. "दादा, सव्वा लाख हातात आहेत. सोसायटीत भरून टाकू का?"

मी तेव्हा लोकसभेच्या प्रचारात होतो. घरात पत्रकांचे गठ्ठे पडले होते. मी म्हणालो, "वेडा आहेस का? सहा महिन्यांनी विधानसभा आहे. कोणीही आलं तरी माफी करावीच लागणार. एक रुपया भरू नकोस."

त्याने तरी विचारलं, "थोडे भरू? व्याजापुरते?"

"एक रुपया नाही," मी म्हणालो.

ते पैसे खरड छाटणीत, मजुरीत, औषधांत गेले. ऑक्टोबरच्या शेवटी पाऊस लागला तो थांबेना. ऑक्टोबर छाटणी झालेली बाग, कोवळे घड, सगळे कुजले. मी गेलो तेव्हा तो बांधावर उभा होता, मी आत पाय घातला नाही. मनात मात्र म्हणत होतो, माफी येईल, निदान कर्जाचं ओझं तरी उतरेल. आणि डिसेंबरात माफी जाहीर झालीच. 2 लाखांपर्यंतची. मी पेढे घेऊन गावाला गेलो. ते पेढे मला अजून आठवतात.

फेब्रुवारीत याद्या लागल्या. त्याचं नाव नव्हतं. सोसायटीच्या गटसचिवाने वही काढून दाखवली. नियम असा होता की 30 सप्टेंबर 2019 ला मुद्दल आणि व्याज मिळून थकबाकी 2 लाखांच्या आत हवी. त्याची व्याजासकट 2 लाख 9 हजार झाली होती. गटसचिव शांतपणे म्हणाला, "एप्रिलात दहा हजार जरी भरले असते, तरी बसले असते."

भाऊ माझ्याकडे बघत नव्हता. वहीकडे बघत होता.

आजवर कोणाला सांगितलं नाही ते आता सांगतो. त्या रात्री मला वाईट वाटलं ते कर्ज थकवायला सांगितलं म्हणून नाही. नीट हिशोबाने थकवायला सांगितलं नाही, म्हणून. आयुष्यभर एकेका तावाचा हिशोब दिलेल्या माणसाला दहा हजारांचा हिशोब जमला नाही, एवढंच डोक्यात होतं. त्याच गावात दरवर्षी बायकोचे दागिने ठेवून का होईना कर्ज भरणारा एक जण होता. त्यालाही त्या यादीतून काही मिळालं नाही. त्याची आठवण मला कितीतरी महिन्यांनी झाली.

सातबाऱ्यावर बोजा तसाच राहिला. नवं कर्ज मिळेना, औषधाच्या दुकानात उधारी वाढली. 2021 मध्ये त्याने वीस गुंठे विकले आणि सगळं फेडलं. मी माझी एनएससी त्याच्यापुढे ठेवली होती. त्याने हात लावला नाही. म्हणाला, "दादा, तू सांगितलंस म्हणून मी थांबलो नाही. मलाही तेच ऐकायचं होतं, म्हणून तर तुला फोन केला."

मी पक्षाचं काम सोडलं. पुढाऱ्यांनी फसवलं म्हणून सोडलं, असं मी बरीच वर्षं सांगत होतो. ते खरं नाही. पक्षाने माफी सांगितली आणि माफी झाली. फसवणूक असलीच, तर सरकारलाही पैसा कोणीतरी द्यावा लागतो ही गोष्ट मी सभेत सोयीने विसरलो, ही. 2018 मध्ये एका कोपरा सभेत मी कर्जाचा आकडा लोकसंख्येने भागून 'प्रत्येक बाळ जन्मताच इतका कर्जदार' असं ओरडलो होतो, आणि त्याच भाषणात सरसकट माफी मागितली होती. टाळ्या दोन्ही वाक्यांना पडल्या.

त्यामुळे आता दरडोई आकडा मी सांगत नाही. राज्याचं कर्ज 2025-26 अखेर 9 लाख 32 हजार कोटींवर जाईल असा अर्थसंकल्पातलाच अंदाज आहे. ते राज्याच्या उत्पन्नाच्या 19 टक्क्यांच्या आसपास बसतं, 25 टक्क्यांच्या मर्यादेत, हेही खरं आहे आणि सत्तेतले लोक ते सांगतात तेव्हा खोटं बोलत नाहीत. पण त्याच वर्षी महसुली तूट 45 हजार कोटींच्या पुढे आहे. धरणासाठी काढलेलं कर्ज मी समजू शकतो. ही उसनवारी रोजचा खर्च भागवायला आहे. औषधाच्या दुकानातली उधारी.

आणि तरी. माझ्या भावजयीच्या खात्यात 1500 येतात. गुडघ्यांच्या गोळ्या त्यातून होतात, कोणाकडे मागावं लागत नाही. मला दर महिन्याला पेन्शन येते, तीही सरकारच्या बांधील खर्चातूनच. तिच्यासमोर बसून मी तुटीचे आकडे सांगू शकत नाही, एकदा सुरुवात केली आणि थांबलो. माझी पेन्शन हक्काची आणि तिचे 1500 रेवडी, हे मी कोणत्या तोंडाने म्हणू? काही जण म्हणतात तू नोकरी केलीस. तिनेही चाळीस वर्षं बाग केली.

तेव्हा मी कोणत्या पक्षाचा, याचं उत्तर माझ्याकडे नाही. ऑक्टोबर 2025 मध्ये सरकारने सांगितलं की कर्जमाफीचा निर्णय 30 जून 2026 पर्यंत घेऊ. गेल्या आठवड्यात भावाचा फोन आला. बाग या वेळी बरी आहे, नव्या पीककर्जाचा हप्ता मार्चअखेर आहे. "दादा, भरू का थांबू?"

मी म्हणालो, संध्याकाळी सांगतो. त्याला आता सहा दिवस झाले.