चार सर्व्हर, एक टर्मिनल

आज दुपारी पेमेंट मध्येच अडकल्याच्या तक्रारी यायला लागल्या. आमचे सर्व्हर चार आणि रिक्वेस्ट कुठल्याही सर्व्हरवर जाऊ शकते, म्हणून एकाचाच लॉग, म्हणजे सर्व्हर काय करतोय त्याच्या नोंदींची फाइल, बघून काही कळत नाही. बाणेरच्या ऑफिसात टीममधल्या नव्या मुलीला शेजारी बसवलं, टीमक्समध्ये, म्हणजे एका टर्मिनलच्या अनेक खिडक्या करणाऱ्या प्रोग्राममध्ये, चार खिडक्या उघडल्या आणि प्रत्येकीतून एसएसएचने एकेका सर्व्हरवर लॉगिन केलं.

लॉगमधल्या नव्या ओळी येतील तशा दाखवणारी 'टेल' ही कमांड कॅपिटल एफनेच (-F) लावायची, हे तिला आवर्जून सांगितलं. लहान एफ उघडलेली फाइल धरून बसतो. लॉग रोटेट झाला, म्हणजे जुन्या फाइलचं नाव बदलून नवी सुरू झाली की नव्या ओळी दिसतच नाहीत, आणि आपल्याला वाटतं सगळं शांत आहे. कॅपिटल एफ त्याच नावाची नवी फाइल उघडतो.

तरी घटनांचा क्रम लागेना. तेवढ्यात तिचं लक्ष वेळेकडे गेलं. तीन सर्व्हरवर १५:४२, चौथ्यावर १०:१२. "दादा, हा यूटीसीवर आहे का?" यूटीसी म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, आणि आपल्या वेळेशी बरोब्बर साडेपाच तासांचा फरक! रिक्वेस्ट आयडी ग्रेपने लॉगमध्ये शोधला, तर दोन्हीकडे तीच रिक्वेस्ट. चौथ्या सर्व्हरवर डेटाबेसची कनेक्शन्स संपली होती आणि बाकीचे त्याच्या उत्तराची वाट बघत ताटकळत होते. फार कौतुक वाटलं मला तिचं.

डॅशबोर्ड हवेतच, पण नव्या माणसाला कच्च्या ओळी वाचायला बसवलंच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

उद्या चारही ठिकाणी वेळ यूटीसीत लिहायची, म्हणजे एलनॅव्ह हा लॉग वाचायचा प्रोग्राम सगळ्या फाइल्स वेळेच्या क्रमाने एकत्र दाखवेल. तो बदल तीच करणार आहे.