स्मॉलमाउथ बाससाठी फायबरग्लासचा फ्लाय रॉड: आधी फ्लाय ठरवा, मग रॉड

गळाचा नाद असलेला पुणेकर मुलाकडे किंवा लेकीकडे चार-पाच महिने न्यू जर्सीला राहायला गेला की त्याच्या हाताशी डेलावेअर नदी येते. थोडं पुढे पेनसिल्व्हेनियात सस्क्वेहाना आहे, दक्षिणेला पोटोमॅक. तिन्ही नद्यांत स्मॉलमाउथ बास मिळतो. अंगावर उभे पट्टे, पितळेसारखा रंग, वाहत्या पाण्यातल्या दगडगोट्यांचा शौकीन. हा मासा तिथला मूळचा नव्हे. पोटोमॅकमध्ये तो 1854 साली रेल्वे इंजिनाच्या पाण्याच्या टाकीतून, ओहायो नदीच्या खोऱ्यातून आणून सोडला गेला. नदीतला मासा बहुतेक वेळा अर्धा ते दीड किलोचा असतो, पण गळाला लागल्यावर पाण्याबाहेर उड्या मारतो आणि मग सरळ तळाकडे धाव घेतो. फायबरग्लासच्या रॉडवर ही झटापट थेट कॉर्कच्या मुठीपर्यंत जाणवते. ग्लास घ्यायचं खरं कारण तेच.

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो: 8 फूट, 7 वेट (लाइनच्या, म्हणजे फेकायच्या जाड दोरीच्या, वजनाचा क्रमांक), चार तुकड्यांचा, एस-ग्लासचा (जास्त ताठ काचतंतूचा), मध्यम अ‍ॅक्शनचा (मधल्या भागापर्यंत वाकणारा) रॉड. पुढचं सगळं या एका ओळीचा खुलासा आहे. तुमच्या फ्लाय, म्हणजे हुकावर पिसं-केस बांधून केलेली नकली आमिषं, वेगळ्या असतील तर उत्तरही बदलेल.

दुकानात बहुतेक जण विचारतात, "दीड किलोच्या माशाला कितीचा रॉड लागेल?" प्रश्नच चुकतो. दीड किलोचा बास 5 वेटवरही आरामात काढता येतो. अडचण माशाची नसते, फ्लाय पाण्यापर्यंत पोचवायची असते. साध्या गळात शिशाचं वजन दोरी ओढून नेतं, फ्लायमध्ये उलट: वजन दोरीत असतं आणि फ्लाय तिच्यामागे फरफटत जाते. ट्राउट या माशासाठीची पिसांची चिमुकली फ्लाय कुठलीही लाइन नेते. बासच्या फ्लाय मात्र अवजड असतात. 4 नंबरच्या हुकावरचा (नंबर लहान तितका हुक मोठा) पॉपर, म्हणजे पाण्यावर तरंगणारी जाड फ्लाय, हवेत पॅराशूटसारखा अडतो. क्लाउझर मिनो ही फ्लाय बॉब क्लाउझर यांनी सस्क्वेहानावर याच माशासाठी 1987 मध्ये बांधली. तिला धातूचे डंबेलसारखे डोळे असतात, आणि 1/30 औंसाचे डोळे म्हणजे जवळजवळ 0.9 ग्रॅम. ऐकायला किरकोळ, पण फेकताना हेच वजन दोरीच्या टोकाला झटका देतं.

म्हणून डबीतली सर्वात मोठी फ्लाय बाहेर काढा आणि तिच्यावरून लाइन ठरवा. 6 ते 10 नंबरच्या वुली बगर (पाण्यात बुडणारी केसाळ फ्लाय) आणि छोट्या पॉपरवर भागणार असेल तर 6 वेट पुरे. 4 आणि 2 नंबरचे पॉपर, क्रेफिशच्या (झिंग्यासारख्या नांगीवाल्या जिवाच्या) नकला, डोळेवाले क्लाउझर रोज फेकायचे असतील तर 7. 1/0 चे (2 नंबरहूनही मोठ्या हुकाचे) केसाळ डायव्हर, म्हणजे ओढलं की बुडी मारणाऱ्या फ्लाय, फेकायचे तर 8, पण मग ग्लासचं वजन मनगटाला जाणवू लागतं आणि तिथे मी कार्बन-फायबरचा रॉडच सुचवेन.

या वेटच्या आकड्यांमागे खरोखरचं वजन आहे. लाइनच्या पहिल्या 30 फुटांचं वजन ग्रेनमध्ये मोजतात: 5 वेट म्हणजे 140 ग्रेन, 6 म्हणजे 160, 7 म्हणजे 185, 8 म्हणजे 210. ग्रेन हे माप परकं वाटेल, पण आपला जुना तोळा बरोबर 180 ग्रेनचा, म्हणजे 11.66 ग्रॅमचा होता. 7 वेटच्या लाइनला 177 ते 193 ग्रेनची मुभा असते, तोळा त्यात अलगद बसतो. तेव्हा 7 वेट म्हणजे तोळाभर लाइन, इतकं लक्षात ठेवलं तरी चालतं. पाचची लाइन 9.1 ग्रॅम भरते, सहाची 10.4, आठची 13.6.

हे इतकं लांबवून सांगतोय, कारण ग्लास रॉडची सर्वात मोठी फसगत इथेच होते. बाससाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच लाइन खोक्यावर 6 लिहून प्रत्यक्षात 7 च्या किंवा त्याहूनही जड असतात. जड फ्लाय वळवता यावी आणि ताठ कार्बन रॉड थोडक्या लाइनवरही वाकावा म्हणून त्या तशा बनवतात. ग्लास रॉड मुळातच लवकर वाकतो. त्यावर अशी लाइन चढवली की तो मुठीपर्यंत दुमडतो, टोक खाली येतं, लूप (लाइनचा हवेतला वळसा) उघडा पडतो आणि पॉपर बारा फुटांवर दोरीच्या गुंत्यासकट पडतो. मग लोक म्हणतात, ग्लासमध्ये दमच नाही. दम आहे, लाइन चुकली आहे. खोक्यावर ग्रेनचा आकडा छापलेला असतो, तो वाचा. नसेल तर 0.1 ग्रॅम दाखवणाऱ्या छोट्या काट्यावर टोकाकडची 9.14 मीटर लाइन गुंडाळून ठेवा. अगदी पुढचा जाडी न बदलणारा तुकडा असेल तर तेवढा मोजायचा नाही. 7 वेटच्या ग्लासवर 185 ते 200 ग्रेनची, पुढे वजन एकवटलेली लाइन मला योग्य वाटते. 215 च्या पुढे जाऊ नका.

आता ग्लास असा का वागतो? भोसरीत एफआरपीच्या (काचतंतू घातलेल्या प्लास्टिकच्या) टाक्या बनवणाऱ्या माणसाला हा माल चांगला माहीत असतो. फरक इतकाच की टाकीत काचेचे तंतू आडवेतिडवे पसरलेले असतात, रॉडमध्ये ते बहुतांश लांबीच्या दिशेने धावतात. रेझिन मुरवलेलं कापड निमुळत्या पोलादी सळईवर गुंडाळतात, वरून टेप आवळतात आणि भट्टीत भाजतात. सळई काढली की उरते ती पोकळ नळी. ई-ग्लासच्या (साध्या काचेच्या) तंतूचा ताठपणा सुमारे 72 गिगापास्कल, एस-ग्लासचा 86 च्या आसपास, तर साध्या कार्बनचा 230. शिवाय काच कार्बनपेक्षा जड. म्हणजे ग्लास सावकाश वाकतो, सावकाश सरळ होतो आणि टोकाला जड लागतो. पण तुटण्याआधी काचेचा तंतू कार्बनच्या दुपटीहून जास्त ताणला जातो. क्लाउझरचे डोळे चुकून रॉडवर आपटले तर कार्बनला टवका जाऊन तो पुढे कधीतरी नेमका मासा लागल्यावर तुटतो, ग्लास असे धक्के बरेच सोसतो.

इथे एक गैरसमज दूर करतो. आपल्याकडे दुकानांत "फायबर रॉड" म्हणून जो स्वस्त रॉड मिळतो तो बहुधा भरीव असतो आणि स्पिनिंग रीलसाठी असतो. त्याला फ्लाय लाइन लावून काहीही साधत नाही.

लांबी आठ फुटांपुढे नको, याचं कारणही टोकाचं वजन. कार्बनमध्ये 9 फूट ही सर्रास लांबी आहे, पण ग्लासमध्ये तो शेवटचा एक फूट दिवसभरात खांदा भरून आणतो आणि फेक थांबवल्यावर टोक हलत राहतं, ते हेलकावे लाइनमध्ये उतरतात. साडेआठ फुटांचे चांगले ग्लास रॉड आहेत, मांडीभर पाण्यात उभं राहून लाइन प्रवाहावरून उचलायची असेल तर तेवढी लांबी कामी येते. साडेसात फूट होडीतून ठीक.

चार तुकडे का, तर सामान. 8 फुटांचा चार तुकड्यांचा रॉड उलगडला की प्रत्येक तुकडा साधारण 61 ते 63 सेंटीमीटरचा असतो, 28 इंची बॅगेत तिरका बसतो. तीन तुकड्यांचा 81 च्या वर जातो, तो बसत नाही. जुने दोन तुकड्यांचे रॉड फार गोड असतात, पण चार फुटांची नळी विमानातून नेणं त्रासाचं.

ऑनलाइन रॉड घेतला असेल किंवा दोन रॉडमध्ये निवड करायची असेल, तर घरी एक परीक्षा करा. डॉ. विल्यम हॅनेमन या अमेरिकन जाणकाराने ती अमेरिकन सेंटची नाणी वापरून बसवली. आपल्याला दुधाची धुतलेली पिशवी आणि पाणी पुरतं. मूठ फडक्यात गुंडाळून टेबलाच्या कडेला क्लॅम्पने आडवी पक्की करा, रॉडचा खालचा भाग जमिनीला समांतर हवा. टोक कुठे आहे ती खूण भिंतीवर करा. तिथून रॉडच्या लांबीच्या एक तृतीयांश खाली दुसरी खूण; 8 फुटी रॉडला ती 81 सेंटीमीटरवर येते. टोकाच्या कडीत (जिच्यातून लाइन जाते) पिशवी अडकवा आणि कपाने थोडं थोडं पाणी ओतत जा. टोक खालच्या खुणेवर आलं की थांबा, पिशवी उतरवून स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोला. जितके ग्रॅम जास्त तितका रॉड दमदार. दोन रॉडवर एकच 7 छापलेला असूनही या आकड्यात चांगलाच फरक निघू शकतो. पिशवी टांगलेली असताना बाकही पाहा. वरचा तिसरा हिस्साच वाकला असेल तर रॉड वेगवान, पॉपरला बरा. बाक मुठीला भिडला असेल तर तो संथ ट्राउट रॉड आहे, बासच्या फ्लायला नको. मधल्या भागापर्यंत सलग गोलाई हवी, कुठेही कोपरा दिसता कामा नये. कोपरा दिसला तर तो बहुधा जोडावर असतो.

जोड दोन प्रकारचे. एकात वरचा तुकडा खालच्यावर टोपीसारखा बसतो. दुसऱ्यात खालच्या तुकड्यातून एक दांडी वर आलेली असते आणि त्यावर वरचा तुकडा सरकतो, त्याला स्पिगॉट म्हणतात. स्पिगॉटमध्ये दोन तुकड्यांमध्ये काही मिलिमीटरची फट दिसते, ती मुद्दाम ठेवलेली असते, दोष नव्हे. झीज होते तशी ती मिटत जाते. फट पूर्ण मिटलेला जुना रॉड घेऊ नका. रॉड जोडून हलवताना टक् टक् आवाज आला तर जोड सैल आहे. जोडताना कड्या पाव वळण बाजूला ठेवून दाबत दाबत एका रेषेत आणा. आत जाणाऱ्या नर भागावर साध्या मेणबत्तीचं मेण अगदी पातळ चोळलं तर पकड टिकते. ग्लास फेकताना जास्त पिळतो, त्यामुळे जोड हळूहळू सुटतो. अर्ध्या-पाऊण तासाने हाताने चाचपायची सवय लावून घ्या. वरचा तुकडा सुटून पाण्यात जाणं किंवा अर्धवट बसलेला जोड फाटणं, दोन्ही यातूनच होतं.

बाकी पाहण्यासारखं थोडं. 7 वेटला मूठ फुल वेल्स आकाराची, दोन्हीकडे फुगीर अशी हवी, सिगारसारख्या बारीक मुठीवर पॉपर फेकताना अंगठा घसरतो. खालच्या दोन कड्या मोठ्या असाव्यात. कड्यांच्या दोऱ्यावरच्या इपॉक्सीला तडा आहे का ते नखाने पाहा.

रील मात्र हलकं घेऊ नका. कार्बनवाले हलक्या रीलच्या मागे असतात, ग्लासला उलट पाहिजे. लाइन भरून, 30 फूट बाहेर काढून रॉड एका बोटावर तोलला तर तोल कॉर्कच्या पुढच्या टोकापाशी यावा. त्यासाठी 170 ते 200 ग्रॅमचं रील लागतं. ड्रॅग, म्हणजे रीलचा ब्रेक, साधा चालतो.

लीडर, म्हणजे लाइन आणि फ्लाय यांच्यामधला निमुळता बारीक दोरा, साडेसात फुटांचा, शेवटचा भाग 0.25 ते 0.28 मिलिमीटरचा, म्हणजे 1 एक्स किंवा 0 एक्स. नऊ फुटांचा बारीक लीडर पॉपरला उलटवू शकत नाही.

सराव पुण्यातच करून जा. हिरवळीचं मैदान शोधा, मुरमाड मैदानावर लाइनचं आवरण महिनाभरात खरवडून निघतं. सकाळी सातच्या आत, कारण मे-जूनमध्ये दुपारनंतर पश्चिमेचा वारा सुटतो आणि नवशिक्याला काही शिकू देत नाही. हुकाऐवजी लोकरीचा झुबका बांधा. ग्लासला हाताचा प्रवास लांब लागतो आणि मागे थांबणंही जास्त. लाइन मागे पूर्ण सरळ होईपर्यंत थांबा, मान वळवून पाहिलं तरी चालेल. घाई केली की मागे चाबकासारखा आवाज येतो आणि फ्लाय तुटून जाते. क्लाउझरसाठी मागची फेक आडवी, पुढची डोक्यावरून, आणि मध्ये दोरी कधी सैल पडू द्यायची नाही. हवेत दोनदाच फिरवा, तिसऱ्यांदा सोडा. 40 ते 45 फूट जमलं की नदीवर पुरतं.

मासा लागल्यावर रॉड वर उचलू नका. मऊ टोक तो सगळा झटका पिऊन टाकतं आणि बासच्या कडक जबड्यात हुक रुतत नाही. डाव्या हाताने लाइन जोरात ओढा, वजन जाणवलं की मग रॉड वाकू द्या.

परत आल्यावर हा रॉड इथे चालेल का? उजनीच्या चिलापीला आणि लहान महसीरला उत्तम चालेल. धरणांवर मासेमारीचे हक्क बहुतेक सहकारी संस्थांकडे असतात, त्यांना विचारूनच गळ टाका. देहू-आळंदीच्या डोहातले मासे लोकांनी श्रद्धेने राखलेले आहेत, तिथे गळ नकोच. महसीर लागला तर हुकाची काटी (टोकाजवळचा उलटा काटा) आधीच चिमटून ठेवलेली असावी आणि मासा पाण्यातच सोडावा. आणि कितीही आवडला तरी परदेशी मासा आपल्या पाण्यात आणायचा विचारही करू नका. चिलापीने उजनीत काय केलं आहे ते तिथल्या कुठल्याही कोळ्याला विचारा.

पावसाळ्यात रॉड नळीत बंद करून ठेवू नका. कॉर्कला बुरशी धरते आणि ओल्या कापडी पिशवीमुळे वार्निशला फोड येतात. पुसून, दोन दिवस पंख्याखाली वाळवून, तुकडे वेगळे करून उभे टांगा. जोडाची तोंडं मऊ फडक्याने पुसा, आत वाळूचा एक कण राहिला तरी पुढच्या वेळी तो ग्लास कापतो.