जोधपूरला ‘मुघल’ फर्निचर बघायला जाताय?

दुकानांकडे वळण्याआधी मेहरानगड बघा. आम्ही वांद्र्याहून सूर्यनगरी एक्स्प्रेसने गेलो, सकाळी जोधपूरला उतरलो आणि नऊला किल्ला उघडताच वर पोचलो. उशिरा गेलात तर अरुंद दालनांत फक्त पुढच्याची पाठ दिसते. गुडघे कुरकुरत असतील तर लिफ्ट आहे.

खुर्च्या-टेबलं मात्र शोधू नका. मुघल काळातली बैठक जमिनीवरची, गालिचा आणि लोड-तक्क्यांची. लाकडी सामान म्हणजे तख्त, चौरंग, पेटारे, पालख्या. शाहजहानने जोधपूरच्या महाराजा जसवंतसिंहांना दिलेल्या चांदीच्या हौद्यापाशी गर्दी असते. मी रेंगाळले ती महाडोलपाशी. सोन्याचा मुलामा दिलेली ही लाकडी पालखी, उचलायला बारा भोई. गुजरातचा सुभेदार सरबुलंदखान याने चिमाजी अप्पांना चौथाई कबूल केली, म्हणून मुघल बादशहाने त्याला काढून जोधपूरच्या महाराजा अभयसिंहांना नेमलं. खान जागा सोडेना, १७३० मध्ये लढाई झाली आणि पालखी लुटीत जोधपूरला आली. म्हणजे आपल्या चौथाईचा धागा इथवर पोचतो! पुढे झांकी महालातले पाळणे आणि तख्तविलासातलं रंगवलेलं छतही चुकवू नका. तख्तविलास मात्र एकोणिसाव्या शतकातला.

आता बाजार. ‘मुघल पीस’ म्हणून जे दाखवतात ते बहुतेक नवं शिसम किंवा आंब्याचं लाकूड, नाहीतर जुन्या दारांच्या फळ्या जोडून केलेलं कपाट. ते वाईट नसतं, पण किंमत नव्याचीच द्या. खण पूर्ण बाहेर काढून मागची-खालची बाजू बघा. खरी झीज हात लागतो तिथे, कडीभोवती आणि कडांना असते. काचपेपरने घासलेला रंग सगळीकडे सारखाच उडालेला दिसतो. आतून चकचकीत स्क्रू दिसले तर विषय संपला.

परदेशातल्या नातेवाइकांसाठी घेणार असाल तर जास्त सावध राहा. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. ‘तीनशे वर्षं जुनं आहे, पाठवतो अमेरिकेला’ म्हणणारा दुकानदार दोन्हीपैकी एका बाबतीत नक्की थापा मारतोय. वस्तू नवी पण जुनी दिसणारी असेल तर पुरातत्त्व खात्याचा ‘पुरावस्तू नाही’ असा दाखला काढून घ्या, आणि बिलावर लाकडाचं नाव लिहून घ्या.

आणखी एक. जोधपूरच्या कोरड्या हवेत सुरळीत सरकणारा खण मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात फुगून अडकतो. ऑर्डर देतानाच थोडी सैल फट ठेवायला सांगा.