डाव्या खांद्याची रायफल

लालबागच्या एका गल्लीत आमचा दहा बाय बाराचा गाळा. आजोबांनी थाटला तेव्हा शिकारी गिऱ्हाईक भरपूर. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला, शिकार संपली. ती संपायलाच हवी होती, पण वडिलांचं अर्धं काम गेलं. मग शिलाई मशिनं, तिजोऱ्यांची कुलुपं, येईल ते केलं. बंदूक दुरुस्तीचं लायसन्स मात्र सोडलं नाही.

मी बसायला लागलो तेव्हा मला सगळं चकाचक करायची हौस. एक नळी पॉलिशच्या फिरत्या बफवर धरली; दहा मिनिटांत आरसा झाली आणि मेकरचं नाव पुसट. वडील काही बोलले नाहीत. गिऱ्हाइकाकडून पैसे घेतले नाहीत आणि बफचा पट्टा उतरवून खिळ्याला टांगला. तो आजही तिथेच आहे.

शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने एका लायसन्सवर तीनऐवजी दोनच हत्यारं, वारशाने आलेली धरून. त्यामुळे घरोघरी 'कुठली ठेवायची' हा प्रश्न. अशाच एका घरातून मागच्या पावसाळ्यात एक जण पणजोबांची .२७५ रिग्बी रायफल घेऊन आला. नरभक्षक वाघांचा शिकारी जिम कॉर्बेट, त्याला १९०७ साली भेट मिळालेली रायफल याच बोअरची, त्यामुळे हे गिऱ्हाईक येतानाच 'कॉर्बेटवाली' म्हणत येतं. लायसन्सवरचा नंबर जुळवला, चेंबर रिकामं पाहिलं, रजिस्टरला नोंद केली.

"काका, दस्त्याचा हा उंचवटा चुकीच्या बाजूला आहे. डावीकडे करून द्या. आणि जरा चमकवा."

बोल्टची मूठ उजवीकडे, तशी ती असायचीच. पण गाल टेकायचा उंचवटाही उजवीकडे, आणि खांद्याला टेकायचा लाकडी दस्ता किंचित डावीकडे वळवलेला; म्हणजे डाव्या खांद्याला लावणाऱ्यासाठी घडवलेला. मी विचारलं, "अहो, पणजोबा डावखुरे होते का?"

तो थांबला. "हो की! जेवायचेसुद्धा डाव्या हाताने. त्यावरून पणजी ओरडायची म्हणे."

दस्त्याला हात लावायचा नाही, हे तिथेच ठरलं.

नळीत चेंबरपुढे खड्डे पडले होते. त्या काळच्या काडतुसाच्या, ठिणगी देणाऱ्या कॅपमधून नळीत क्षार उरायचा आणि तो हवेतला ओलावा ओढायचा. म्हणून जाणते शिकारी आधी नळीत गरम पाणी ओतायचे, मग तेल. ते खड्डे तसेच ठेवले. स्क्रूंच्या खाचा मात्र कुणीतरी साध्या पेचकसाने चावून ठेवल्या होत्या. उठलेली धातू हलक्या हातोडीने परत बसवली, कानशीने खाच नव्याने कापली, आणि प्रत्येक खाच नळीच्या रेषेत आणली. चार स्क्रूंना दोन दिवस.

रंगाचं काम मात्र जुलैत करावं ते मुंबईतच. एरवी बंदुकीचा वैरी असलेला दमटपणा इथे फुकटचा कारागीर. नळीची दोन्ही तोंडं लाकडी गुट्ट्यांनी बंद करायची, तेलाचा अंश काढायचा, गंज धरवणारं द्रावण वरून पुसायचं. काही तासांत तांबूस गंज धरतो. लांब पत्र्याच्या टाकीत उकळलं की तोच गंज काळा होतो. मग बारीक स्टील वूलने हलकेच घासायचं. असं आठ वेळा. दस्त्याचे पोचे ओलं फडकं ठेवून इस्त्रीच्या वाफेने उठवले. अळशीचं तेल तळहाताने जिरवलं, पण पावसात एकेक हात वाळायला तीन-तीन दिवस.

पाच आठवड्यांनी तो आला. खिडकीशी नेऊन बराच वेळ फिरवून पाहिली.

"काका, फार चमकली नाही."

"नाही," म्हटलं, आणि सहीसाठी रजिस्टर पुढे केलं.